भुयार कुठं जातं

पुण्यात भुयाराची गोष्ट कुणाला नव्यानं सांगावी लागत नाही. ती ज्याला त्याला आधीपासून ठाऊक असते, फक्त भुयाराची टोकं पेठेनुसार बदलतात. शनिवारवाड्यातलं भुयार पर्वतीवर निघतं, पर्वतीवरचं सिंहगडावर. पाताळेश्वराच्या लेण्यातलं तर थेट वेरूळला जातं, हे मी एका रिक्षावाल्याकडून जंगली महाराज रस्त्यावरच्या सिग्नलला ऐकलंय. त्याच्या आवाजात इतकी खात्री होती की अंतर किती वगैरे विचारायच्या भानगडीत मी पडले नाही. सांगणाऱ्यानं ते भुयार स्वतः पाहिलेलं नसतं. त्याच्या आजोबांनी पाहिलेलं असतं, तेही लहानपणी, तेही तोंडापाशीच, कारण आत शिरलं की दिवा विझतो. आणि आता ते बघायला मिळत नाही, कारण सरकारनं बुजवलंय.

मग वऱ्हाडाची गोष्ट येते. एक वऱ्हाड म्हणे वाजतगाजत भुयारात शिरलं. वरून लोक जमिनीला कान लावत सनईच्या मागावर चालत राहिले. अमुक एका देवळापाशी सनई थांबली आणि वऱ्हाड काही बाहेर आलं नाही. ही गोष्ट मी पुण्यात ऐकली, साताऱ्याकडच्या एका गडावर ऐकली, आणि मराठवाड्यातल्या मैत्रिणीनं तिच्या गावच्या गढीबद्दल सांगितली तेव्हा सनईऐवजी ताशा होता, एवढाच फरक. महाराष्ट्रात एवढी वऱ्हाडं जमिनीखाली अडकून पडलीत, तर वर लग्नं लागली कशी, असा प्रश्न पडावा.

मला या गोष्टी आवडतात. पण आवडणं वेगळं आणि त्या सरसकट देवळांच्या गळ्यात बांधणं वेगळं. पुण्यातल्या आणि आसपासच्या जुन्या देवस्थानांच्या तळघरांत मी मिळेल तसं डोकावत आलेय. जितकं पाहिलं तितकं असं वाटत गेलं की भुयाराची गोष्ट मुळात गडाची आणि वाड्याची. देवळाखाली जे असतं त्याचा स्वभावच निराळा. भुयारातून माणूस निसटतो, दुसरीकडे निघतो. देवळाखालच्या कोठडीत माणूस बसायला उतरतो. ती कोठडी कुठंच जात नाही.

आधी वाड्याचंच बघू. शनिवारवाड्याखाली पळवाट होती की नव्हती हे तपासायला पुण्याच्या इतिहासात दोन चांगले दिवस सापडतात. चांगले म्हणजे तपासणीसाठी. त्या दिवसांच्या माणसांसाठी फार वाईट. पहिला ३० ऑगस्ट १७७३. गारदी वाड्यात घुसले तेव्हा नारायणराव पेशवे अठरा वर्षांचे होते. वाडा त्यांच्या वडिलांचा, आजोबांनी बांधलेला. तिथं भुयार असतं तर ते ज्यांना ठाऊक असायला हवं अशा दोनचार माणसांत त्यांचा नंबर पहिला. तो मुलगा धावला तो काकांच्या दालनाकडे. ‘काका, मला वाचवा’ ही हाक पुण्यात आजही लोक अमावास्येला ऐकतात म्हणे, पण ती ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच असं विचारावंसं वाटत नाही की अरे, तो भुयारात का नाही उतरला?

दुसरा दिवस ५ नोव्हेंबर १८१७. खडकीला इंग्रजांशी लढाई जुंपली आणि दुसरे बाजीराव ती पर्वतीवरून पाहत होते. पर्वती म्हणजे भुयाराचं दुसरं टोक! त्यानंतरच्या पंधरवड्यात येरवड्याकडेही बाजू ढासळली, तसे पेशवे रातोरात निघाले. घोड्यावर, उघड्या रस्त्यानं, पुरंदरच्या दिशेनं. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. बाजीरावांच्या नावाला इतिहासानं ‘पळपुटा’ असं विशेषण कायमचं चिकटवलंय. पळण्याच्या बाबतीत त्यांच्याहून जाणकार माणूस पेशवाईत नव्हता. त्यांना जे सापडलं नाही ते आपल्या शेजारच्या काकांच्या आजोबांना सापडलं असं मानायला माझं मन धजत नाही.

तरीही ते आजोबा खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांनी काहीतरी पाहिलं होतं. पाया खणताना फरशी उचलली, खाली चुन्यात बांधलेला, कमानीच्या छताचा, दोन्हीकडे अंधारात जाणारा रस्ता दिसला, त्यात माणूस चालू शकेल एवढी उंची होती. आता पुण्याच्या पेठांखाली अशी वस्तू खरोखरच आहे. ती कात्रजच्या नळाची.

नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला बंधारे घालून तलाव केले आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणलं. नळ म्हणजे आजच्या अर्थानं पाइप नव्हे. चांगला बांधीव बोगदा, आत उतरून गाळ काढता यावा एवढा मोठा. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास. हवा खेळावी, पाण्याचा दाब मोकळा व्हावा, माणूस साफसफाईला उतरावा म्हणून केलेली उभी विहिरीसारखी बांधकामं. पंप नाही, काही नाही. कात्रज उंचावर आणि शहर खाली, एवढ्या एका गोष्टीवर सगळी यंत्रणा. पाणी वाड्यात जायचं, सरदारांच्या घरी जायचं आणि पेठांमधल्या हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, बाहुलीचा हौद ही नावं अजून बसच्या पाट्यांवर नाहीतर लोकांच्या तोंडी टिकून आहेत, काही ठिकाणी हौद गेले तरी. या नळाच्या शाखा किती वाड्यांखालून गेल्या असतील याचा विचार केला, म्हणजे आमच्या वाड्याखाली भुयार होतं असं सांगणारी माणसं पुण्यात इतकी का, ते कळतं. मी हल्ली त्यांना एकच विचारते: त्याला उतार कुणीकडे होता? उतार होता असं आठवणारी माणसं निघतात. पळून जायच्या रस्त्याला कुणी मोजूनमापून उतार देत नाही.

मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना असाच एक जुना बांधीव बोगदा लागला. बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुपारपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो शनिवारवाड्याला पोचला होता, संध्याकाळपर्यंत सिंहगडावर. तो पाणी नेण्यासाठी बांधलेला असावा असं जाणकारांनी सांगितलं, त्या निरोपावर मात्र कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

गंमत अशी की आता ते भुयार झालंय. सप्टेंबर २०२४ अखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला. शनिवारवाड्याजवळ कसबा पेठ स्टेशन, मग मंडई, मग पर्वतीच्या अलीकडचं स्वारगेट. म्हणजे दंतकथेतलाच मार्ग, थोडा इकडेतिकडे. जिल्हा न्यायालयाचं स्टेशन जमिनीखाली तेहेतीस मीटर, आणि ज्या यंत्रांनी हे बोगदे पोखरले त्यांची नावं मुठा, मुळा आणि पवना. आत शिरलेलं वऱ्हाड दहा मिनिटांत सनईसकट बाहेर येतं. या दगडात बोगदा काढायला काय लागतं हेही त्या कामानं दाखवून दिलं. पुणं उभं आहे ते बेसाल्टवर, लाव्ह्याच्या थरांवर. या दगडावर छिन्नी मारली तर ठिणगी आधी उडते आणि कपची नंतर.

ते बघायचं असेल तर पाताळेश्वराला जावं. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं लेणं. जमिनीच्या पातळीच्या खाली उतरत जायचं, मध्ये छत्रीसारख्या गोल माथ्याचा नंदीमंडप, पुढे खांबांच्या रांगा आणि आत गाभारे. सगळं एकाच सलग खडकातून वरून खाली कोरत नेलेलं. आणि अर्धवट सोडलेलं. भिंतींवर शिल्पांसाठी जागा मोकळ्या करून ठेवल्यात, पण शिल्पं नाहीत. काही ठिकाणी दगड नुसता ओबडधोबड तासून थांबलेला आहे. का थांबलं हे दगडावर लिहिलेलं नाही, त्यामुळे पांडवांनी एका रात्रीत लेणं कोरलं आणि कोंबडा आरवल्यावर टाकून गेले ही गोष्ट तिथं आपोआप येऊन बसलीय, जशी ती कुठल्याही अपुऱ्या लेण्यावर बसते. मला त्या गोष्टीपेक्षा तो अर्धा तासलेला दगड जास्त बोलका वाटतो. एवढ्या मोठ्या राजवटीच्या काळात, कारागीर हाताशी असताना, एक देऊळ पुरं झालं नाही. तिथून वेरूळपर्यंत भुयार कुणी काढलं असेल? कृष्णराज राष्ट्रकूटाच्या इसवी सन ७५८ च्या ताम्रपटात या भागाचा ‘पुण्य विषय’ असा उल्लेख आहे. म्हणजे पुण्याचं नाव कागदोपत्री, खरं तर तांब्यावर, आलं ते साधारण या लेण्याच्या काळात. शेजारीच १८९० साली समाधिस्थ झालेल्या जंगली महाराजांची समाधी. हजार-अकराशे वर्षांच्या अंतरानं दोन्ही माणसं, लेणं खोदणारी आणि समाधी घेणारी, त्याच खडकाशेजारी येऊन थांबली.

पण पाताळेश्वर उघडं आहे, उन्हात आहे. खरं तळघर पाहायचं तर सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला जायला हवं, आणि तेही गुरुपौर्णिमेला. एरवी तळघर पाण्यानं भरलेलं असतं.

हे देऊळ पुण्याचं असूनही पुण्यासारखं दिसत नाही. पेशवाईतली पुण्याची देवळं विटा-चुन्याची, लाकडी सभामंडपाची, शिखरावर कोनाड्याकोनाड्यांतून चुन्यातल्या मूर्ती. त्रिशुंड मात्र काळ्या दगडाचं, दर्शनी भिंत शिल्पांनी खच्चून भरलेली, राजस्थान-माळव्याची हवा असलेली. इंदूरजवळच्या धामपूरच्या भीमगिरजी गोसावींनी १७५४ च्या ऑगस्टमध्ये काम सुरू केलं, ते १७७० पर्यंत चाललं. दारावरच्या पट्टीत गोरे शिपाई एका गेंड्याला साखळदंडानं बांधताहेत. प्लासीची लढाई १७५७ सालची, म्हणजे हे काम चालू असतानाची, त्यामुळे तो गेंडा म्हणजे बंगाल-आसाम असं अनेकजण सांगतात. ते खरं असेल तर पुण्यातल्या कुणा पाथरवटानं इंग्रजांचा बेत पेशव्यांच्या आधी ओळखला होता. आत संस्कृत आणि फारसी शिलालेख. आणि मूर्ती: एक तोंड, तीन सोंडा, सहा हात, वाहन मोर. उंदीर नाही.

बांधणारे गोसावी होते ही गोष्ट तळघर समजून घ्यायला फार कामाची आहे. सोमवार पेठेच्या या भागाला गोसावीपुरा म्हणत. गिरी, पुरी, भारती अशी नावं लावणारे हे दशनामी साधू म्हणजे नुसते राख फासून बसणारे नव्हते. त्यांच्या मठांचं जाळं उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत पसरलेलं; त्या वाटांवरून ते व्यापार करत, हुंड्या वटवत, सावकारी करत, वेळेला हत्यारही चालवत. पेशवाईतल्या कितीतरी मातब्बरांना त्यांच्याकडून कर्जं मिळाली. आता सावकाराच्या देवळाखाली तळघर आहे म्हटल्यावर लोक काय म्हणणार? खजिना. ज्या काळात धान्य पेवात आणि रोकड बळदात ठेवायची पद्धत होती, त्या काळात जमिनीखालच्या दगडी खोलीबद्दल दुसरं काय सुचावं? या दंतकथेला निदान व्यवहाराचा आधार आहे, म्हणून तिच्यावर माझा तितकासा राग नाही.

पण संन्याशाच्या दुसऱ्या एका रिवाजाकडे लोकांचं लक्ष जात नाही. संन्यास घेताना त्यानं अग्नी सोडलेला असतो, म्हणून मेल्यावर त्याला जाळत नाहीत. बसवून पुरतात आणि वर समाधी बांधतात. त्रिशुंडच्या तळघरात आहे ती समाधी, महंताची. देवळाचा देव वर आणि गुरू खाली, अशी ही मांडणी आहे. पैसा असला तर तो इतरत्र कुठंतरी असेल. त्यासाठी मठाच्या कोठ्या होत्या, वाडे होते. इथं गुरूला ठेवलंय.

गुरुपौर्णिमेला पाणी उपसतात आणि समाधीचं दर्शन खुलं होतं. मी गेले तेव्हा रांग बोळात बऱ्याच लांबवर आली होती. आषाढातला पाऊस, सगळ्यांच्या छत्र्यांचं पाणी एकमेकांच्या खांद्यावर. माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ नातवाला घेऊन उभे होते. नातवानं विचारलं, “आबा, खजिना कुठंय?” आबा म्हणाले, “तो इंग्रजांनी नेला.” इतकं झटपट, इतकं बिनतोड उत्तर मी इतिहासाच्या वर्गातही ऐकलेलं नाही. मग त्यांनी मला सांगितलं की पूर्वी इथं हठयोगाचा अभ्यास चालायचा, साधू खाली उतरून बसायचे, दिवसचे दिवस. ही माहिती तिथं बरेचजण देतात. खरी वाटावी अशी ती जागा आहे.

जिना अरुंद, पायऱ्या ओल्या. खाली उतरलं की आधी अंगावर येतो तो गारवा. पाणी उपसलं तरी फरशीवर ते राहिलेलंच असतं; पावलं त्यात बुडतात आणि वरच्या गर्दीचा आवाज एकदम कुणीतरी दार लावल्यासारखा बंद होतो. लोक मोबाइलच्या बॅटऱ्या लावतात, त्या भिंतीवर इकडेतिकडे हलतात. प्रत्येकजण समाधीला हात जोडतो आणि मग, हे मी मुद्दाम पाहिलं, मान वळवून कोपऱ्यांत बघतो. दुसरं दार शोधतो. मीही शोधलं. भिंती बंद आहेत. मागून “चला, चला, पुढं सरका” असा आवाज येतो आणि ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं वर यावं लागतं.

पाण्याचं गूढ वाटायचं कारण नाही. देऊळ नागझरीच्या काठचं. तो ओढा आता नाला झाला असला तरी त्याच्या काठची जमीन काही सुकलेली नाही; एवढ्या खोल खोली केली की पाणी येणारच. बांधणाऱ्यांना ते दिसत नव्हतं असं म्हणता येत नाही, कारण इतकं नेटकं दगडकाम करणाऱ्याला खणताना पाणी लागल्याचं कळतंच. समाधी पाण्यात राहणार हे माहीत असून त्यांनी ती तिथं केली. मला हे धाडसाचं वाटतं. आणि सोयीचंसुद्धा: वर्षभर पाणीच राखण करतं.

त्या दिवशी वर आल्यावर देवळाला प्रदक्षिणा घातली तर मागच्या भिंतीवर लिंगोद्भवाचं शिल्प. कथा सगळ्यांना माहीत असते. ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात थोर कोण असा वाद लागला, मधोमध ज्योतिर्लिंग उभं राहिलं, त्याचा अंत शोधायला ब्रह्मा हंस होऊन वर उडाला आणि विष्णू वराह होऊन खाली खणत गेला. दोघांनाही अंत लागला नाही. विष्णू परत आला आणि सरळ म्हणाला, नाही सापडला. ब्रह्मानं सापडल्याची थाप मारली, केतकीला साक्षीदार केलं आणि त्याचं पूजन बंद पडलं. तळघर असलेल्या देवळाच्या पाठीवर ही कथा कुणी जाणूनबुजून कोरली की शैव देवळाच्या प्रघाताप्रमाणे ती तिथं आली, ठरवता येणार नाही. पण खाली जाऊन आलेल्यानं ‘काही सापडलं नाही’ म्हणावं आणि त्याबद्दल त्याला बक्षीस मिळावं, ही आपल्या पुराणांतली मला फार आवडणारी जागा आहे. वर जाऊन आलेला खोटं बोलला, खाली जाऊन आलेला नाही.

मध्येच भुलेश्वराची आठवण सांगून टाकते. यवतजवळच्या डोंगरावरचं हे यादवकालीन देऊळ. तिथं पिंडीच्या खालच्या खळग्यात पेढ्यांचं ताट ठेवतात आणि थोड्या वेळानं काढतात तर एकदोन पेढे कमी झालेले. देव खातो म्हणतात. बरोबरच्या एका इंजिनिअर मित्रानं उंदरांवर व्याख्यान दिलं आणि उरलेले पेढे सगळ्यात जास्त त्यानंच खाल्ले.

आता आळंदी. तिच्याबद्दल हलक्या सुरात बोलवत नाही, कारण आमच्या घरी ती गोष्ट आजीनं सांगितलेली आहे आणि आजीच्या सांगण्यात थट्टेला जागा नव्हती.

शके १२१८, म्हणजे १२९६ ची कार्तिक वद्य त्रयोदशी. सिद्धेश्वराच्या देवळापाशी विवर. नंदी बाजूला केला की त्याचं दार. नामदेवांच्या मुलांनी आतली जागा झाडली. ज्ञानदेव आत जाऊन आसनावर बसले, वय एकवीस. निवृत्तिनाथ बाहेर आले आणि शिळा लावली. थोरल्या भावानं, जो गुरूही होता, धाकट्याच्या दारावर दगड लावायचा. याहून कठीण काम मला सुचत नाही. नामदेवांच्या अभंगांतून हा सगळा प्रसंग आपल्यापर्यंत आला आणि आजही त्या तिथीला आळंदीत नामदेवांच्या वंशजांचं कीर्तन होतं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी येतं ते काही गूढ वाटून नव्हे. घरातलं माणूस गेल्यासारखं येतं.

जवळजवळ तीनशे वर्षांनी गोष्टीचा दुसरा भाग. पैठणला एकनाथांना स्वप्न पडलं. ज्ञानदेव म्हणाले, ‘अजानवृक्षाची मुळी कंठास लागली’, आळंदीला ये आणि ती काढ. नाथ निघाले, आळंदीला पोचले. समाधीची जागा रानात हरवलेली होती. त्यांनी ती शोधली, आत उतरले, मुळी काढली, भेट झाली. अभंगात नाथ स्वतः सांगतात की ‘नदीमाझारीं देखिलें द्वार’. दार इंद्रायणीच्या पात्रात! लहानपणी मी इंद्रायणीच्या घाटावर बसून हे दार शोधायची. आता वाटतं, इथंही पाणीच. त्रिशुंडला खोलीत पाणी, कात्रजच्या नळात पाणी, आणि आळंदीला पाण्यात दार.

गेल्या कार्तिकीनंतर गर्दी ओसरल्यावर भाचीला घेऊन गेले होते. ती शिकतेय रोबोटिक्स. अजानवृक्षाखाली पारायण करणाऱ्यांना वळसा घालून आम्ही सिद्धेश्वरापाशी आलो, तिला गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकली आणि म्हणाली, “मावशी, आता बोटाएवढा कॅमेरा सोडता येतो. जमीन न खणता रडारनं आतली पोकळी दिसते. कुणी केलं का नाही?”

प्रश्न उद्धट नव्हता, कुतूहलाचा होता, आणि वाड्याखालच्या नळासाठी मी हेच म्हटलं असतं. पेठांखालचा कात्रजचा सगळा नळ रडारनं शोधून त्याचा नकाशा करावा, वाडा पाडायची परवानगी देताना तो समोर ठेवावा, असं मला फार वाटतं. तिथं कुणी बसलेलं नाही. इथं बसलंय, असं मानणारी लाखो माणसं दर वर्षी चालत येतात, आणि बसलेल्या माणसाच्या खोलीत न विचारता डोकावत नाहीत. शिवाय एकनाथ आत जाऊन आलेत. त्यांच्या अभंगात स्वप्न आहे, मुळी आहे, दार आहे, भेट आहे. खोली किती मोठी, आसन कसं, अंधार होता की उजेड, यातलं अक्षरही नाही. ज्यानं आयुष्यभर ओव्यांमागून ओव्या लिहिल्या, रुक्मिणीच्या लग्नाचं वर्णन करताना ज्याला शब्द पुरले नाहीत, त्यानं इथं हात आखडता घेतला.

“मग आत जाऊन आल्यावर त्यांनी केलं काय?” भाचीनं विचारलं.

केलं ते असं: ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा केल्या. तीनशे वर्षांत नक्कल करणाऱ्यांनी घुसडलेलं, बदललेलं, चुकलेलं पारखून शुद्ध प्रत तयार केली. ते काम शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला पुरं झालं. तारीख त्यांनी स्वतःच ओवीत घालून ठेवलीय. गळ्याला लागलेली मुळी म्हणजे पोथीत वाढलेलं हे रानच, असं अनेकजण म्हणतात. आजीला हा अर्थ मान्य नव्हता. ती म्हणायची, मुळी म्हणजे मुळी. मला दोघांचंही पटतं आणि त्यात अडचण वाटत नाही. नाथांनी शेवटी एक ताकीदही लिहिली: यापुढे ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं.

भाचीला नरोटी माहीत नव्हती. समोरच्या नारळवाल्याच्या ओट्याखाली पडलेली करवंटी दाखवली. मग तिला वाण्याची गोष्ट सांगितली. नाथ आणि त्यांची माणसं आळंदीच्या रानात आली तेव्हा जवळ शिधा नव्हता. एक वाणी दुकान मांडून बसला होता, त्यानं सगळ्यांना पुरेल एवढं दिलं. मागाहून पाहिलं तर ना दुकान, ना वाणी. कुणी म्हणतं ते ज्ञानदेव, कुणी म्हणतं पांडुरंग.

“हे त्या अभंगात आहे?”

“नाही.”

“म्हणजे ही नरोटी,” ती म्हणाली. “कुणी ठेवली?”

“माहीत नाही गं,” म्हटलं, “पण भुकेल्यांना जेवू घालायलाच ठेवलीय ना. असू दे.”

ती हसली आणि आम्ही प्रसादाच्या रांगेला लागलो. रांग बरीच मोठी होती.